एका दिवसात सहा ठिकाणे: इजिप्तच्या सहलीचा चुकलेला हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीचा हंगाम तोंडावर आला की इजिप्तच्या सहलींची कार्यक्रमपत्रके हातोहात फिरू लागतात. 'दिवस दुसरा: गिझाचे पिरॅमिड, स्फिंक्स, मेम्फिस, सक्कारा, ग्रँड इजिप्शियन म्युझियम, रात्री खान अल-खलिली बाजार' ही ओळ त्यांत हटकून असते. वाचणाऱ्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. या ओळीचा मिनिटांचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

डिसेंबरात कैरोत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आसपास मावळतो. उघड्यावरच्या स्थळांची दारे त्याआधीच मिटू लागतात. सकाळी आठ ते दुपारी चार धरले तर हाती ४८० मिनिटे आली. चाळीस जणांचा गट बसमधून उतरून मोजून होईपर्यंत दहा मिनिटे, तिकीट आणि सुरक्षा तपासणीला पंधरा, स्वच्छतागृहाच्या रांगेत दहा, पुन्हा गोळा होऊन बसमध्ये चढायला दहा. एका थांब्याची ४५ मिनिटे गेली आणि अजून कुणी काहीही पाहिलेले नाही. गिझा, मेम्फिस, सक्कारा अशा तीन थांब्यांची १३५. रस्त्यावर दोन तास, जेवणाला एक. शिवाय पपायरसच्या (वनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदाच्या) दुकानातला तो पत्रकात न छापलेला थांबा, त्याची ४५. उरली १२० मिनिटे, प्रत्येक ठिकाणाला ४०. त्या ४० मिनिटांत गिझाला तीन पिरॅमिड आणि स्फिंक्स बघायचे! म्युझियम उशिरापर्यंत उघडे असते म्हणून ते शेवटी ढकलतात. तोवर पाय गेलेले असतात आणि लोक तुतनखामुन राजाच्या सोन्यापेक्षा बसायला बाक शोधत असतात.

इजिप्तमध्ये दिवसाला दोन मोठी ठिकाणे पुरतात. तिसरे घ्यायचेच तर ते सावलीतले किंवा दिव्यांच्या उजेडातले असावे. त्यातही कुठले ठिकाण आधी आणि कुठले नंतर, यावर निम्मी सहल अवलंबून असते.

कैरोपासून सुरुवात करू. जवळजवळ सगळे गट आधी गिझाला नेतात आणि मग सक्कारा-दहशूर 'उरलेले' म्हणून उरकतात. हे उलटे आहे. सक्काराचा जोसेरचा पायऱ्यांचा पिरॅमिड तिसऱ्या राजवंशातला, सहा टप्प्यांचा, सुमारे ६२ मीटर उंच. त्याच्यानंतर स्नेफेरू राजाने दहशूरला आधी वाकडा पिरॅमिड बांधला. त्याचा उतार अर्ध्यावर ५४ अंशांवरून ४३ वर आणावा लागला. तिथेच मग त्याने लाल पिरॅमिड उभा केला, तो सरळ उतारांचा. स्नेफेरूचा मुलगा खुफू, त्याचा पिरॅमिड गिझाला. सक्कारा आणि दहशूर गिझाच्या आधी पाहिले की दगडाचे शास्त्र कसे चुकत-सुधारत गेले ते गाइडने तोंड न उघडताही कळते. गिझा आधी पाहिले तर दहशूरचा वाकडा पिरॅमिड निव्वळ फसलेली इमारत वाटतो.

या क्रमाला दुसरे कारण आहे ते गुडघ्यांचे. लाल पिरॅमिडचे दार उत्तर बाजूला जमिनीपासून सुमारे २८ मीटर उंचीवर आहे. तिथवर बाहेरून पायऱ्या चढायच्या आणि मग आत सुमारे ६३ मीटर लांबीच्या, २७ अंशांच्या उताराने खाली जायचे. या वाटेची उंची मीटरभरही नाही. पायाखाली आडव्या पट्ट्या ठोकलेल्या फळ्या असतात. ताठ माणसाने पुढे तोंड करून उतरायचे म्हटले तर कंबर आणि डोके दोन्ही छताला लागतात. शिडी उतरतो तसे पाठमोरे होऊन, कठडा धरून उतरणे सोपे जाते. पाठीवर पिशवी असेल तर ती पोटावर घ्यावी, नाहीतर दर दोन पावलांनी छतात अडकते. खाली हवा कोंदट आणि अमोनियासारखी उग्र असते. पण मान वर केली की सुमारे बारा मीटर उंच, आत आत येत गेलेल्या दगडी थरांचे छत दिसते आणि श्रमाचे चीज होते. उच्च रक्तदाब, दमा, गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी बाहेर थांबावे, त्यात कमीपणा काही नाही. आत गेलेल्यांच्या मांड्या दुसऱ्या दिवशी भरून येतात. म्हणून दहशूरच्या दुसऱ्या दिवशी सपाटीवरचे गिझा आणि म्युझियम ठेवावे, लक्सरची थडगी नकोत.

सकाळी उघडताच दहशूर, तिथे दीड तास; मग सक्काराला साडेतीन तास. सक्काराला जोसेरच्या आवाराइतकाच वेळ तेती राजाच्या पिरॅमिडशेजारच्या, त्याचा वजीर मेरेरुका याच्या मस्तबाला (सपाट माथ्याच्या थडग्याला) द्यावा. तीसहून अधिक दालने आहेत त्यात. पाणघोड्यांची शिकार, सोनार, तरसांना बळेबळे चारणारे नोकर असे सगळे भिंतींवर कोरले आहे. रोजच्या जगण्याचे इतके जिवंत चित्रण कुठल्याही राजाच्या थडग्यात नाही. मेम्फिसला रामसेस दुसऱ्याचा आडवा पडलेला भव्य पुतळा आहे, तो बघण्यासारखाच आहे. पण त्या दिवसातून एक ठिकाण गाळायचे झाले तर मेम्फिस गाळावे.

गिझाला आता फय्यूम रस्त्याकडच्या नव्या दारातून प्रवेश आहे आणि आत विजेवरच्या बस फिरतात. आपली बस थेट पिरॅमिडच्या पायथ्याशी नेऊन उभी करण्याचे दिवस गेले, तेव्हा जुन्या वेळापत्रकावर विसंबू नये. स्फिंक्सचे तोंड पूर्वेला आहे, म्हणजे चेहऱ्यावर ऊन सकाळीच. दुपारनंतर फोटोत त्याचा चेहरा काळवंडतो. खुफूच्या पिरॅमिडमध्ये शिरण्याचे तिकीट वेगळे काढावे लागते. आतली ४७ मीटर लांब आणि साडेआठ मीटरहून उंच 'ग्रँड गॅलरी' अजोड आहे, ते खरे. पण आत चित्रे-लेख काही नाहीत, हे तिकीट काढण्याआधी गटाला सांगावे, नाहीतर बाहेर आल्यावर कुरकुर होते. दोहोंपैकी एकाच्याच पोटात शिरायचे तर दहशूरचा बरा: गर्दी कमी आणि वेगळे तिकीट नाही. उंटावर बसायचे असेल तर भाव ठरवताना 'उतरण्यासकट' हा शब्द वदवून घ्यावा. वर बसल्यावर खाली उतरण्याचे पैसे वेगळे मागितले गेले की उंटावरचा शहाणाही काही करू शकत नाही.

ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुले झाले. तुतनखामुनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू आता तिथे आहेत, आणि खुफूची देवदारी नौकाही, सुमारे ४३ मीटरांची. याला किमान चार तास हवेत. तिकीट वेळेच्या खिडकीसह आधीच ऑनलाइन काढावे. क्रमाने जिना चढत गेलात तर शेवटच्या दालनांपर्यंत पोचेस्तोवर डोळे मिटू लागतात. म्हणून आधी तुतनखामुन, मग तासाभराची विश्रांती आणि खाणे, मग नौका, आणि उरलेल्या वेळात जिन्यावरचे पुतळे. राजांच्या ममी मात्र इथे नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये २२ शाही ममी कैरोतल्याच फुस्तात भागातल्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात नेल्या. पत्रकात 'म्युझियममध्ये ममी' असे मोघम लिहिलेले असेल तर कुठले म्युझियम ते विचारावे.

नियोजनाचा खरा कस लागतो तो लक्सरला. नाईलच्या पूर्वेला कर्नाक आणि लक्सरची मंदिरे, पश्चिमेला थडगी आणि राजांची स्मृतिमंदिरे. पूल गावापासून बराच दक्षिणेला आहे, त्यामुळे बसने पलीकडे जायचे म्हणजे पाऊण तासाचा फेरा. माणसे नेणारी फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे सोडते. म्हणून एका दिवसात दोन्ही किनारे करू नयेत. पश्चिमेला किमान दोन सकाळी लागतात. एक-दोन रात्री मुक्कामच पश्चिम किनारी ठेवला तर पहाटेचा तास वाचतो.

व्हॅली ऑफ द किंग्ज, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरची राजांच्या थडग्यांची दरी, सकाळी सहाला उघडते. सहाला दारात असलेला गट आणि आठला आलेला गट यांची सहल एकच नसते. आठनंतर बोटींवरचे आणि समुद्रकिनाऱ्याच्या रिसॉर्टांतून आलेले गट एकदम दरीत उतरतात. थडग्यांच्या बोळांत रांग थांबते, माणसांच्या घामा-श्वासाने हवा दमट होते आणि भिंतीपुढे क्षणभर उभे राहणेही जमत नाही. साध्या तिकिटात तीन थडगी पाहता येतात; उघडी असलेली थडगी आलटून-पालटून बदलतात, यादी दाराशी लावलेली असते. तुतनखामुन, सेती पहिला आणि रामसेस पाचवा-सहावा यांची तिकिटे वेगळी. ती खाली तिकीटखिडकीवरच घ्यायची. विजेच्या गाडीने वर गेल्यावर आठवण झाली तर सगळा रस्ता परत. स्वच्छतागृहही खालीच उरकावे.

तिकिटावर एका थडग्याची खूण झाली की ती प्रवेशिका संपली, म्हणून आधी ठरवून शिरावे. ज्यांना पायऱ्या नकोत त्यांनी रामसेस चौथा निवडावा: दाराजवळच, जवळजवळ सपाट, रंग शाबूत. रामसेस तिसऱ्याच्या थडग्यात वीणावादकांचे प्रसिद्ध चित्र आहे, आणि चालता चालता बोळ मध्येच एका बाजूला सरकलेला दिसतो. खोदणारे शेजारच्या अमेनमेसीच्या जुन्या थडग्यात घुसले, म्हणून अक्ष बाजूला घ्यावा लागला. तिसरे, पाय धड असलेल्यांसाठी, थुटमोस तिसरा: दरीच्या टोकाला कड्यात उंचावर, आधी लोखंडी जिना चढायचा, मग आत तेवढेच उतरायचे. तळाचे दालन कार्टूशसारखे (राजाच्या नावाभोवती काढतात त्या चौकटीसारखे) लांबट-गोल आहे आणि भिंतींवरच्या आकृत्या काड्यांनी काढल्यासारख्या रेषांच्या, पपायरस उलगडून चिकटवावा तशा. वेगळ्या तिकिटांपैकी एकच परवडत असेल तर सेती पहिल्याचे घ्यावे; खर्च मोठा आहे, पण १३७ मीटर लांबीचे आणि रंगवलेल्या उठावचित्रांनी भरलेले दुसरे थडगे त्या दरीत नाही. तुतनखामुनचे थडगे लहान, चित्रे फक्त दफनदालनात; ममी मात्र अजून तिथेच आहे. नावामुळे सगळे तिथेच गर्दी करतात, वस्तू तर कैरोला आहेत.

गाइडला थडग्यात व्याख्यान देण्याची परवानगी नसते. जे सांगायचे ते बाहेरच्या फलकापाशी, तेही पाच मिनिटांत. पंधरा मिनिटे उन्हात उभे करून इतिहास सांगणारा गाइड विद्वान असला तरी गटाचे नुकसान करतो. दर थडग्याला वीस मिनिटे, मध्ये दहा मिनिटे सावलीत बसणे आणि घोट घोट पाणी, असे धरले तर साडेआठ-नऊपर्यंत दरी व्यवस्थित होते.

तिथून हत्शेपसुतच्या मंदिराला तासभर. मागचा चुनखडीचा कडा सकाळचे सगळे ऊन पुढे फेकतो. मे ते सप्टेंबर या काळात लक्सरला पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा दहानंतर तिथे थांबू नये. अकराला हॉटेलवर परत, दुपारी झोप. ही झोप कार्यक्रमात छापावी, नाहीतर कुणीतरी तिथे 'पर्यायी सहल' घुसडतो. संध्याकाळी दिवे लागल्यावर लक्सर मंदिर, सव्वा तास. हे मंदिर रात्रीपर्यंत उघडे असते आणि रात्रीच जास्त शोभते.

पहाटेच्या बलून-सफरीची एक गोम आहे. बलून पश्चिम किनाऱ्यावरूनच सुटतो, म्हणून आयोजक त्याला व्हॅलीच्या सकाळी जोडतात. उतरून, गोळा होऊन दरीत पोचायला आठ वाजतात आणि ज्या दोन तासांसाठी पहाटे उठायचे तेच हातचे जातात. बलूनच्या दिवशी मेदिनेत हाबू आणि देर अल-मदिना ठेवावे. तिथे नऊलाही गर्दी नसते. मेदिनेत हाबू हे रामसेस तिसऱ्याचे मंदिर. शत्रूच्या कापलेल्या हातांचे ढीग मोजणारे कारकून त्याच्या भिंतीवर आहेत, आणि छताच्या आडोशाला रंग अजून टिकून आहेत. देर अल-मदिना ही राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती. याच रामसेसच्या राजवटीच्या २९व्या वर्षी धान्याचा मोबदला थकला, तेव्हा या कारागिरांनी काम सोडून मंदिरांच्या मागे बसकण मारली. नोंद झालेला जगातला सर्वांत जुना संप तो हाच. दोन्ही ठिकाणे एकाच सकाळी पाहिली की मालक आणि मजूर समोरासमोर येतात. या दोन्हींची, तसेच रामेसियम (रामसेस दुसऱ्याचे स्मृतिमंदिर) आणि सरदारांच्या थडग्यांची तिकिटे स्थळावर मिळत नाहीत. मेम्नॉनच्या दोन प्रचंड पुतळ्यांच्या पुढे असलेल्या तिकीट कचेरीत आधी घ्यावी लागतात. न घेता दारावर गेलेला गट रोज एखादा तरी परत फिरतो.

कर्नाकला वेगळी सकाळ द्यावी, अडीच-तीन तासांची. १३४ खांबांच्या सभामंडपात सूर्य तिरपा असताना खांबांच्या सावल्या एकमेकांवर पडतात. कोरीव कामाबद्दल एक साधी गोष्ट सर्वत्र लागू पडते: ऊन भिंतीच्या अगदी समोरून आले की कोरलेले सपाट दिसते, कडेने घासत गेले की उठून येते. म्हणून एखादी बाहेरची भिंत 'पुसट' वाटली तर तासाभराने पुन्हा तिथून जावे.

लक्सरहून अबिडोस आणि डेंडेरा ही मंदिरांची जोडी फार थोडे गट करतात, आणि जे करतात ते बहुधा उलट्या क्रमाने. डेंडेरा जवळ, सुमारे ६० किलोमीटर, म्हणून आधी तिथे थांबतात. मग अबिडोसला पोचेपर्यंत दुपार होते आणि सेती पहिल्याच्या मंदिरातली उठावचित्रे, ७६ राजांची यादी, सगळे घाईत जाते. पहाटे निघून आधी लांबचे अबिडोस, परतीच्या वाटेवर डेंडेरा. दोन्हीकडे दोन-दोन तास. डेंडेराच्या छतावर जरूर चढावे. तिथले वर्तुळाकार राशिचक्र ही प्रतिकृती आहे, मूळ पॅरिसच्या लूव्हरमध्ये. दिवस अकरा-बारा तासांचा होतो, म्हणून दुसरी सकाळ मोकळी सोडावी.

अबू सिंबेल, म्हणजे रामसेस दुसऱ्याने खडकात कोरवलेली दोन मंदिरे, अस्वानहून सुमारे २८० किलोमीटर. बस पहाटे चारच्या सुमारास सुटतात, साडेसातपर्यंत पोचतात. पासपोर्ट जवळ ठेवावा, नाश्त्याचा डबा हॉटेलकडून आदल्या रात्रीच मागून घ्यावा. मंदिरापाशी दोन तास. ही दोन्ही मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात दगड कापून सुमारे ६५ मीटर वर हलवली आहेत हे ठाऊक असेल तर कापाच्या रेषा शोधण्यातही मजा आहे. परत यायला दुपारचा एक-दीड होतो. त्याच दुपारी फिलीचे बेटावरचे मंदिर आणि अपुरा ओबेलिस्क (खाणीतच अर्धवट राहिलेला दगडी स्तंभ) दाखवणारी पत्रके सर्रास दिसतात. सात तासांच्या रस्त्यानंतर बोटीत बसलेले लोक फिलीच्या दिशेने नव्हे, घड्याळाकडे बघत असतात. फिली दुसऱ्या सकाळी. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या दिवशी उगवतीचे ऊन अबू सिंबेलच्या मोठ्या मंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत जाते. गर्दी सोसणाऱ्यांनीच त्या तारखा धराव्यात, आणि आदल्या रात्रीचा मुक्काम अबू सिंबेल गावातच असावा.

बाकी किरकोळ. मोठ्या स्थळांच्या खिडक्यांवर कार्डच चालते, रोख घेत नाहीत. गटात दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे असावीत. उलट दहा-वीस पौंडांच्या नोटा बक्षिसीसाठी सुट्या ठेवाव्यात. मोबाइलने फोटो काढता येतात, फ्लॅश चालत नाही. थडग्यातला रखवालदार दोरीपलीकडे बोलावून खास काहीतरी दाखवू लागला तर नम्रपणे नाही म्हणावे; पलीकडे काही नसते आणि चित्रांना धक्का लागतो. रमझानात वेळा आखडतात, तेव्हा दिवसाला एकच मोठे ठिकाण धरावे.

सहलीचे पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला चार गोष्टी लेखी विचाराव्यात. व्हॅली ऑफ द किंग्जच्या दारात गट किती वाजता असेल? कुठल्या थडग्यांची आणि पिरॅमिडांची वेगळी तिकिटे रकमेत धरली आहेत? रोज पायी आणि उभे किती तास? आणि दुकानांचे थांबे किती? पहिल्या प्रश्नाला 'नाश्ता झाल्यावर' असे उत्तर आले, तर तो कार्यक्रम हॉटेलच्या नाश्त्याच्या वेळेवर बेतलेला आहे असे समजावे.

आपले,
पुरातत्त्व स्थळांच्या सहलींचे आराखडे करणारे दोन वाचक